मुलांच्या घरात कोणता प्राणी पाळावा?

घरात सहा-सात वर्षांचे मूल असले की केव्हा ना केव्हा ‘आपण कुत्रा आणू या’ हा हट्ट सुरू होतोच. हट्ट मुलाचा असला, तरी प्राणी सांभाळावा लागतो तो मोठ्या माणसांना. यास्तव मुलाला काय आवडते यापेक्षा घराचा दिवस कसा जातो, हे प्रथम पाहावयास हवे. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत ज्या घराला कुलूप असते, तेथे कुत्र्याचे पिल्लू आणणे म्हणजे त्याला रोज नऊ तासांची कोठडी देणे होय. कुत्रा साधारणतः १२ ते १५ वर्षे जगतो. मांजर पुष्कळदा त्याहूनही अधिक. आज आठ वर्षांचा असलेला मुलगा शिक्षणासाठी परगावी जाईल, तेव्हा त्याचा कुत्रा म्हातारा झालेला असेल. ‘जबाबदारीची जाणीव यावी’ म्हणून मुलाला प्राणी आणून देण्याची काही घरांत पद्धत आहे. पाण्याचे भांडे भरणे, केस विंचरणे एवढी कामे मूल आनंदाने करील. परंतु प्राणी म्हणजे काही शैक्षणिक साधन नव्हे.

आपल्या देशात या निवडीला कायद्याचीही मर्यादा आहे आणि ती अनेक सुशिक्षित घरांना ठाऊक नसते. पिंजऱ्यातला हिरवा पोपट लखनौपासून मदुराईपर्यंत सर्वत्र दिसतो. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण असून त्याला पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे बेकायदेशीर आहे. पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेल्या देशी कासवाचीही तीच गोष्ट. बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारे पक्षी मात्र बहुधा मूळचे ऑस्ट्रेलियातील बजरिगार असतात आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले असतात. ते जोडीने ठेवावेत, आणि पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा असावा. कारण पक्षी उडतो तो आडवा.

कानामागे लाल पट्टा असलेले, काचेच्या भांड्यात विकले जाणारे चिमुकले कासव उत्तर अमेरिकेतील आहे. तळहातावर मावणारे हे कासव काही वर्षांत ताटलीएवढे होते. मग कंटाळलेले लोक ते गावच्या तळ्यात सोडून देतात आणि तेथील देशी कासवांच्या अन्नात व जागेत नवा वाटेकरी निर्माण होतो. शिवाय अशा कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांची बाधा लहान मुलांना होते असे आढळल्यामुळे अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पाच वर्षांखालील मूल घरात असताना कासव आणू नये, हे उत्तम.

ससा दिसतो मऊ, पण त्याचा कणा नाजूक असतो. मुलाने वेडेवाकडे उचलले असता तो मागच्या पायांनी झटका देतो आणि त्यात त्याचाच कणा मोडू शकतो. आपला उन्हाळाही त्याला सोसत नाही. मासे निरुपद्रवी खरे. पण लहानशा गोल भांड्यात ते फार दिवस तग धरीत नाहीत. मांजर दिवसभर एकटे राहू शकते, म्हणून शहरी घराला ते सोयीचे. घरात गर्भवती स्त्री असल्यास मांजराची विष्ठा तिने स्वतः काढू नये आणि ती रोजच्या रोज काढली जावी. कारण तिच्यातील टोक्सोप्लाझ्मा या परजीवीला संसर्गक्षम होण्यास निदान एक दिवस लागतो.

कुत्र्याची गोष्ट अधिक विस्ताराने सांगावयास हवी. सेंट बर्नार्ड किंवा हस्की हे हिमप्रदेशासाठी घडलेले कुत्रे दिल्लीच्या किंवा चेन्नईच्या उन्हाळ्यात आणून ठेवणे ही हौस नसून क्रूरता आहे. मुधोळ आणि राजापालयम या आपल्याच जाती; परंतु त्या शिकारीच्या, त्यांना धावावयास मोकळे रान हवे. सामान्य कुटुंबास रस्त्यावरचे देशी पिल्लू हाच बहुधा योग्य सोबती ठरतो. आखूड केस आणि काटक अंग यांमुळे येथील हवामान त्याला मानवते. मात्र आठ आठवड्यांपूर्वी त्याला आईपासून तोडू नये. दात किती जोराने लावावेत, हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकते. २०१७ च्या नियमांनुसारही त्याहून लहान पिल्लू विकता येत नाही.

पिल्लू घरी येताच त्याला पशुवैद्याकडे न्यावे. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचावी आणि पुढे दरवर्षी पुन्हा. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; संशयित प्राण्यांनी चावा घेतलेल्यांत ४० टक्के मुले १५ वर्षांखालील असतात. मूल बुटके असल्याने चावा पुष्कळदा तोंडावर वा मानेवर बसतो आणि तेथून मेंदू जवळ असतो. घरचा कुत्राही जेवताना, झोपेत असताना किंवा पिल्लांजवळ बसलेला असताना चावतो. म्हणून सहा वर्षांखालील मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये.

चावा किंवा नखाचा ओरखडा उठताच जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. तिखट, हळद, चुना यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कुत्रा पिसाळतो की काय, याची वाट पाहत बसू नये. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती अजून खेडोपाडी ऐकू येते. ती जुनी लस १९११ मध्ये कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी तयार केली होती आणि २००५ पासून ती आपल्याकडे दिली जात नाही. आताची लस दंडात चार किंवा पाच वेळा टोचतात; जखम खोल असल्यास जखमेतही एक औषध द्यावे लागते. खरी अडचण वेगळीच आहे. रागावतील, मारतील किंवा आवडता कुत्रा घरातून घालवून देतील या भीतीने मुले लहानसा चावा लपवितात. कुत्रा आणण्याआधीच मुलाला जवळ बसवून सांगावे, की चावा दाखवलास तर कोणी रागावणार नाही आणि कुत्र्यालाही कोणी हाकलून देणार नाही.