पिसाच्या ताटापासून 2024 पर्यंत

मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात प्रथिनं कमी खावीत, हा विचार 1869 सालापर्यंत मागे जातो. लंडनच्या लायोनेल बील यांनी तेव्हाच तसं सुचवलं होतं. त्याला बळ मिळालं ते इटलीत. 1963 साली नेपल्सच्या कार्मेलो जिओर्दानो यांनी मांडलं, की आवश्यक अमिनो आम्लं नेमकी मिळाली तर शरीर साठलेल्या युरियातला नायट्रोजनही कामी लावतं. (हा पुनर्वापर अगदी थोडा असतो, हे पुढे कळलं.) वर्षभरात पिसाच्या जिओव्हानेत्ती आणि मॅज्जोरे यांनी तसं ताट रुग्णांपुढे ठेवलं: दिवसाला जेमतेम 20 ग्रॅम प्रथिनं, तीही मुख्यतः अंड्यासारख्या उत्तम स्रोतातली, आणि पोट भरायला प्रथिन काढलेल्या पिठाचा पाव नि पास्ता. बेचव जेवण, पण उलट्या थांबायच्या, मळमळ कमी व्हायची. डायलिसिसची यंत्रं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणीच होती. ज्यांच्यासाठी दुसरा इलाजच नव्हता, त्यांना या ताटाने थोडे बरे दिवस दिले. या दोघांचं ऋण मला मोठं वाटतं.

1982 मध्ये ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी नवं कारण पुढे आणलं: जास्त प्रथिनांमुळे मूत्रपिंडातल्या उरलेल्या गाळण्यांवर दाब वाढतो आणि त्या लवकर झिजतात. आता आहाराकडून आजार रोखण्याचीच अपेक्षा होऊ लागली. 1994 साली कमी प्रथिनांचा आहार तपासणाऱ्या अमेरिकेतल्या एमडीआरडी अभ्यासाचे निकाल आले. 840 रुग्ण, सरासरी सव्वादोन वर्षं, आणि फायदा अगदी किरकोळ. त्यातल्या अत्यल्प प्रथिनांच्या गटात पुढे मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, हे 2009 साली प्रसिद्ध झालं. कमी खाणं आणि कुपोषण यांतली सीमा किती बारीक आहे, ते इथे दिसतं.

2020 च्या अमेरिकी मार्गदर्शनात मधुमेह नसलेल्या, डायलिसिसवर नसलेल्या रुग्णांसाठी वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.55 ते 0.6 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. 2024 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात 0.8. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. वाटीभर शिजलेल्या डाळीत पाच-सात ग्रॅम असतात. तरीही आपल्याकडे क्रिएटिनिन वाढलं की घरात पहिला हुकूम सुटतो, ‘डाळ बंद!’ आणि डायलिसिस सुरू झाल्यावरही तो तसाच चालू राहतो. प्रत्येक डायलिसिसमध्ये अमिनो आम्लं वाहून जातात, म्हणून त्याच माणसाला आता 60 ते 72 ग्रॅम लागतात. हे घरच्यांना पहिल्याच दिवशी, वाटी-अंड्याच्या हिशेबात, आहारतज्ज्ञाने समजावून सांगायलाच हवं.