ओन्ताके : देवाचा डोंगर आणि वाफेचा स्फोट

मंडळी, देव डोंगरावर आणि भक्त पायवाटेवर, ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही. जपानातही तशीच रीत आहे. तिथल्या नागानो आणि गिफू या दोन प्रांतांच्या शिवेवर ओन्ताके नावाचा ३,०६७ मीटर उंचीचा पर्वत आहे. पूर्वी कित्येक दिवसांचे कडक व्रत केल्यावाचून त्यावर पाऊल ठेवायची मुभा नव्हती. १७८५ साली काकुमेई नावाच्या साधकाने हा निर्बंध मोडला आणि साध्यासुध्या माणसांना वर नेले. १७९२ साली फुकान याने दुसरी वाट खुली केली. तेव्हापासून पांढऱ्या वस्त्रांतले यात्रेकरू, डोळे, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन ही सहाही शुद्ध होवोत असा घोष करीत हा डोंगर चढतात. मेल्यावर जीव इथेच परततो, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून वाटेच्या कडेला स्मृतिशिला हजारोंनी उभ्या आहेत.

पण हा डोंगर ज्वालामुखी आहे. २७ सप्टेंबर २०१४, शनिवारचा दिवस. हवा स्वच्छ, झाडांची पाने लाल-पिवळी झालेली. शेकडो माणसे वर गेली होती. ११ वाजून ५२ मिनिटांनी, लोक शिदोरी सोडायच्या बेतात असताना, शिखराजवळची जमीन फुटली. राखेने अंधार झाला, वरून दगडांचा मारा सुरू झाला. ५८ माणसे दगावली आणि ५ जणांचा पत्ताच लागला नाही.

हे झाले कसे? चुलीवरचे भाताचे पातेले आठवा. वाफ कोंडली की झाकण उडते. पाण्याची वाफ झाली की ती साध्या दाबाला सुमारे १,७०० पट जागा मागते. डोंगराच्या पोटात मुरलेले पाणी खालच्या उष्णतेने असेच तापले, आणि खडकाचे झाकण उडाले. तप्त शिलारस वर आलाच नाही. म्हणूनच आगाऊ खुणाही फार थोड्या. त्याच महिन्यात लहान लहान धक्के वाढले होते, परंतु जमीन फुगल्याचे दिसले नव्हते. सलग थरथर सुरू झाली ती स्फोटाच्या अवघी ११ मिनिटे आधी. तेवढ्यात शिखरावरून किती उतरणार?

त्या दिवशी धोक्याची पातळी पाचांपैकी पहिली, म्हणजे सर्वांत खालची होती. तिचे नाव होते ‘साधारण’. ते वाचून लोक निर्धास्त झाले, यात त्यांचा दोष काय? २०१५ साली ते नाव बदलले. आता तिथे, हा जागता ज्वालामुखी आहे हे ध्यानात ठेवा, असे सांगतात. शिखराजवळ पक्के आसरे बांधले आहेत.

गुरुजींनी मुलांना आणखी एक गोष्ट सांगावी. १९७९ पर्यंत हा डोंगर विझलेला आहे असेच पुष्कळांना वाटे. त्या साली तो फुटला, तेव्हा समज फिरला. माणसाच्या आठवणीपेक्षा डोंगराची झोप लांब असते. यात्रेकरू आजही चढतात. देवाला हात जोडतात आणि सोबत शिरस्त्राणही नेतात.