यंत्र घ्या, पण हिशेब आपल्या हाती ठेवा
कॉम्प्युटर आणि मोबाईलविषयी बाजारात चालणारी मते व वस्तुस्थिती

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील, परळी-लातूर रोड मार्गावरचे रेल्वे स्टेशनचे गाव. अशा गावातील किराणा, कापड, हार्डवेअरचे दुकानदार, शिलाई, वेल्डिंग आणि मोबाईल दुरुस्तीचे कारागीर यांच्यापुढे आता एक प्रश्न वारंवार येतो. कॉम्प्युटर घ्यावा काय? घ्यायचा तर नवा की जुना? फोन हप्त्यावर घ्यावा काय? सल्ला देणाऱ्यांची कमतरता नाही. पुण्यात शिकणारा भाचा एक सांगतो, विक्रेता दुसरे सांगतो, जाहिरात तिसरेच सांगते. चहा पिता पिता मत तयार होते आणि त्या मतावर तीस-चाळीस हजार रुपये खर्च होतात. मोठ्या पेढीला ही रक्कम किरकोळ वाटेल. छोट्या दुकानदाराच्या दृष्टीने ते ईदच्या हंगामातील मालाचे भांडवल आहे. म्हणून बाजारात ऐकू येणारी काही मते येथे तपासून पाहू.

“कॉम्प्युटर हे मोठ्या शेठजींचे काम”

हे मत जुने आहे आणि निम्मेच खरे आहे. आज देशभर हिशेबासाठी वापरले जाणारे ‘टॅली’ एका व्यापाऱ्याच्या गरजेतूनच जन्माला आले. श्यामसुंदर गोयंका हे कारखान्यांना व कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवीत. आपल्या धंद्याचा हिशेब नीट ठेवील असा प्रोग्राम त्यांना मिळेना, तेव्हा त्यांनी मुलाला, भरत गोयंका यांना, तो लिहायला सांगितले. १९८६ मध्ये बंगलोरमध्ये कंपनी सुरू झाली. २०२० मध्ये भरत गोयंका यांना पद्मश्री मिळाली. यातील धडा असा की आधी वहीची अडचण होती, यंत्र मागून आले.

आपणही तोच क्रम ठेवावा. उधारीची खाती मोजकी असतील, जीएसटी नोंदणी नसेल आणि रोजची विक्री एका पानात मावत असेल तर लाल वही पुरेशी आहे. केवळ शेजारच्या दुकानात कॉम्प्युटर दिसतो म्हणून आपण घेण्याचे कारण नाही. मात्र उधारी विसरली जाते, माल किती शिल्लक आहे ते कळत नाही, विवरणपत्र भरताना दर महिन्याला बिले शोधावी लागतात, अशी स्थिती असेल तर यंत्र आपली किंमत वसूल करून देते. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा ही ताकीद सूरह बकरामध्ये आहेच. ती वहीत लिहा की कॉम्प्युटरवर, लिहिणे महत्त्वाचे.

जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराने एक गोष्ट विसरू नये. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी लागतो. दुकानासाठी घेतलेल्या मशीनचे बिल आपल्या जीएसटी क्रमांकावर घेतले तर नियमाप्रमाणे त्या कराची वजावट मिळू शकते. ‘बिल नको, हजार रुपये कमी करा’ असे म्हणणारा बहुधा हजार वाचवून त्याहून अधिक गमावतो. शिवाय तक्रारीचा पुरावाही हातचा जातो.

“जुने मशीन आता फेकून द्या”

हे मत २०२५ पासून फार ऐकू येते. कारण खरे आहे. २०१५ मध्ये आलेल्या ‘विंडोज १०’ला सुरक्षेची मोफत दुरुस्ती पुरवणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्याला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली. पुढचे ‘विंडोज ११’ सर्व मशीनवर चालत नाही. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते.

पण याचा अर्थ जुने मशीन त्या दिवशी बंद पडले असा नाही. ते चालू होते, बिल छापते, हिशेब करते. धोका इंटरनेटवर आहे. नव्या चोरवाटा सापडतात आणि त्या बुजवणारा कोणी राहत नाही. म्हणून असे मशीन इंटरनेटला न जोडता केवळ बिलासाठी वापरता येते. बँकेचे व्यवहार, जीएसटीचे काम आणि ई-मेल त्यावर करू नयेत, कोणाचाही पेनड्राइव्ह त्याला लावू नये. ज्याला पत्रे टाइप करणे आणि इंटरनेट पाहणे एवढेच करायचे आहे, त्याला त्याच मशीनवर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली बसवून घेता येईल. मात्र टॅली हे विंडोजवर चालणारे आहे, हे आधी लक्षात घ्यावे.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्याने तर फार सावध राहावे. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयातून निघालेले लॅपटॉप शहरात स्वस्तात मिळतात आणि त्यांत चांगली मशीनही असतात. पण प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बॅटरी अर्धा तास चालवून पाहावी. जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर मंद मशीनही पुष्कळ चपळ होते. हा खर्च नव्या मशीनच्या मानाने थोडा असतो. गावात वीज जाते-येते, म्हणून टेबलावरचा कॉम्प्युटर घेताना यूपीएसचा खर्च धरूनच किंमत मोजावी.

याच्या उलट मत म्हणजे, “थांबा, भाव उतरतीलच.” अनेक वर्षे हे बरोबर ठरले. परंतु २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव चढू लागले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मोठमोठी डेटा केंद्रे उभी राहू लागली आणि मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी माल तिकडे वळवला. म्हणजे अमेरिकेतील मागणीचा भार गावच्या ग्राहकावरही पडतो. भाव उतरतील की चढतील या अंदाजावर धंदा करू नये. काम अडले असेल तर घ्यावे, अडले नसेल तर थांबावे.

“बिनव्याजी हप्ता आहे, मग हरकत काय?”

आपल्या वाचकांच्या दृष्टीने हा सर्वांत नाजूक विषय आहे. फोन आणि लॅपटॉपच्या जाहिरातीत ‘नो कॉस्ट ईएमआय’ हे शब्द ठळक असतात. ऐकणारा समजतो की यात व्याज नाही. परंतु रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांवर बोट ठेवले होते. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच वास्तवात नाही, व्याजाचा भाग अनेकदा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडून घेतला जातो, असा त्या परिपत्रकाचा आशय होता.

हे कसे घडते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, फोनची किंमत ३०,००० रुपये आहे आणि नऊ महिन्यांचे व्याज १,८०० रुपये होते. विक्रेता ही रक्कम सूट म्हणून आधी कमी करतो. वित्त कंपनी २८,२०० रुपयांचे कर्ज देते आणि ग्राहकाकडून हप्त्याहप्त्याने ३०,००० वसूल करते. ग्राहकाला वाटते, किंमत तेवढीच दिली. प्रत्यक्षात कर्ज झाले, व्याज झाले, फक्त त्याचे नाव बदलले. क्रेडिट कार्डावरील हप्त्यात त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे या उदाहरणात आणखी ३२४ रुपये. प्रक्रिया शुल्क वेगळे. एखादा हप्ता चुकला तर दंड निराळा. आणि रोख देणाऱ्याने घासाघीस केली असती तर कदाचित तीच १,८०० ची सूट त्याच्या पदरात पडली असती.

म्हणून दुकानदाराला सरळ विचारावे, ‘रोख दिले तर किती?’ रोख आणि हप्त्याच्या किमतीत फरक निघाला तर त्या फरकाचे नाव काय, हे ज्याचे त्याने ओळखावे. कर्जाचा कागद सही करण्यापूर्वी वाचावा. त्यात व्याजदराचा रकाना असतो. विक्रेत्यानेच स्वतः एक किंमत ठरवून, ती न वाढवता हप्त्याने घेणे हा प्रकार वेगळा आहे. त्याबाबत आपल्या भागातील मुफ्ती साहेबांना विचारून निर्णय करावा. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे पैसे जमेपर्यंत जुना फोन वापरणे, किंवा नात्यागोत्यातून कर्जे हसना घेऊन वेळेवर फेडणे.

“सगळे फोनमध्ये आहे, वहीची गरज नाही”

एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने छोट्या दुकानदाराची सुट्या पैशांची कटकट कमी केली, हे मान्य केलेच पाहिजे. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर व्यापाऱ्याकडून शुल्क घ्यायचे नाही असे सरकारने १ जानेवारी २०२० पासून ठरवले. पैसे आल्याचे बोलून सांगणाऱ्या पेटीचे भाडे मात्र वेगळे असते. ते दरमहा किती कापले जाते ते पासबुकात पाहावे.

परंतु सोय आणि अमानत यांत फरक आहे. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई केली आणि १५ मार्च २०२४ नंतर तिच्या खात्यांत नवे पैसे घेण्यास बंदी घातली. ज्यांच्या दुकानातील क्यूआर कोड त्या बँकेतील खात्याला जोडलेला होता, त्यांना दुसरे खाते जोडावे लागले. ज्यांचा कोड दुसऱ्या बँकेला जोडलेला होता, त्यांचे काम चालू राहिले. तेव्हा भिंतीवरच्या कोडातून पैसे नेमके कोणत्या बँकेत जातात, हे प्रत्येक दुकानदाराला माहीत असले पाहिजे.

ग्राहकाने दाखवलेला फोनचा पडदा म्हणजे पैसे नव्हेत. खोटे चित्र दाखवणारेही येतात. आपल्या फोनवर किंवा पेटीवर खात्री झाल्याशिवाय माल हातात देऊ नये. फसवणूक झालीच तर क्षणभरही न थांबता १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

उधारीचा हिशेब फोनवर असेल तर तो आठवड्यातून एकदा कागदावर उतरवावा. कॉम्प्युटरवर असेल तर त्याची प्रत पेनड्राइव्हवर काढून घरी ठेवावी. दुकानातच ठेवलेली प्रत आगीत किंवा चोरीत मशीनबरोबरच जाते. हे काम दहा मिनिटांचे आहे. न केल्यास वर्षाची वसुली बुडू शकते.

जुन्या फोनचा धंदा करणाऱ्यांसाठी

मोबाईल दुरुस्ती आणि जुन्या फोनची खरेदी-विक्री यांवर आपल्या समाजातील अनेक तरुणांची रोजी आहे. त्यांनी कायदा समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे. प्रत्येक फोनला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की तो पडद्यावर येतो. मे २०२३ मध्ये देशभर सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक टाकून फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे काय, ते पाहता येते. जुना फोन घेताना हे पाहावे, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी आणि रजिस्टरमध्ये सही घ्यावी.

आयएमईआय क्रमांक बदलून देणे हे कौशल्य नव्हे, गुन्हा आहे. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पाचशे रुपयांच्या मोहापायी दुकान आणि इज्जत दोन्ही पणाला लावू नयेत.

“यंत्राने कारागिराची रोटी हिरावली”

या तक्रारीत दुःख आहे आणि सत्यही आहे. फ्लेक्स आले आणि पेंटरच्या हातचे बोर्ड मागे पडले. उर्दू वृत्तपत्रांतील कातिबांचेही तसेच झाले. पण तोच इतिहास पुरता पाहिला पाहिजे. उर्दूची नस्तालीक लिपी यंत्रावर बसणार नाही असे म्हटले जाई. ती बसवली एका खुशनवीसानेच. पाकिस्तानातील अहमद मिर्झा जमील यांनी हजारो जोडाक्षरे हाताने लिहिली आणि मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने ‘नूरी नस्तालीक’ तयार झाले. १९८१ मध्ये ‘जंग’ या दैनिकाने ते वापरले. पुढे १९९४ मध्ये भारतात तयार झालेल्या ‘इनपेज’मुळे उर्दूची छपाई छोट्या डीटीपीवाल्याच्या टेबलापर्यंत पोहोचली. यंत्राला सुंदर अक्षर स्वतः येत नव्हते. ते कारागिराकडूनच घ्यावे लागले.

दुरुस्ती करणाऱ्या हातांचेही महत्त्व कमी झालेले नाही. वस्तू दुरुस्त करण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य व्हावा म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. जो कारागीर पक्के बिल देईल, कोणता भाग घातला ते लिहून देईल आणि ग्राहकाच्या फोनमधील फोटो व माहिती अमानत समजेल, त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येईल.

फसवणूक झाली तर

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला तो सहसा लागू होत नाही, एवढेच ऐकून अनेक जण गप्प बसतात. पण स्वतःच्या मेहनतीने, केवळ उपजीविकेसाठी वापरायला घेतलेल्या वस्तूबाबत कायद्यात स्पष्ट सवलत आहे. शिलाईचे मशीन असो की टायपिंगसाठीचा कॉम्प्युटर, असा कारागीर ग्राहकच ठरतो. प्रथम १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेथे न मिटल्यास बीडच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी नाही. बिल, हमीपत्र आणि दुरुस्तीच्या पावत्या मात्र जपून ठेवलेल्या हव्यात.

बंधूंनो, यंत्राला भिण्याचे कारण नाही आणि त्याने भारावून जाण्याचेही नाही. खरेदीपूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. याने माझे कोणते अडलेले काम होणार? बिघडले तर जवळपास कोण दुरुस्त करील? आणि हे बंद पडले तरी माझा हिशेब माझ्या हाती राहील काय? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर बिस्मिल्लाह करून घ्यावे. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो.