यकृताचे घड्याळ आणि कामलेचा रुग्ण

कामलेच्या रुग्णास काय खावे व काय वर्ज्य करावे हे आपण विस्ताराने सांगतो; केव्हा खावे हे मात्र बहुधा ओझरतेच सांगतो. विषाणुजन्य यकृतविकारांवरील अलीकडील संशोधन वाचताना आमचे लक्ष या 'केव्हा'कडे वेधले गेले.

शरीरातील पेशींना स्वतःचे चोवीस तासांचे घड्याळ असते. त्याची रचना उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतील मुख्य घड्याळ प्रकाशावर जुळते. यकृताचे घड्याळ जेवणाच्या वेळेवरही जुळते. उंदरांना केवळ त्यांच्या विश्रांतीच्या काळात अन्न दिले असता यकृताचे घड्याळ मेंदूच्या घड्याळाची साथ सोडते, हे २००० साली दिसून आले.

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतपेशीत शिरतो तो पित्तक्षार आत घेणाऱ्या दारातूनच. एनटीसीपी या प्रथिनाचे हे कार्य २०१२ मध्ये कळले. पुढे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, घड्याळाचा रेव्ह-अर्ब हा घटक उद्दीपित केल्यास हे दार आकसते, तर बीमॅल-१ हा घटक विषाणूच्या जनुकद्रव्यास चिकटून त्याच्या वाढीस हातभार लावतो. सी विषाणूची तऱ्हा निराळी. तो पेशीतील घड्याळाचेच काही घटक घटवतो.

एवढे वाचून 'हे तर आमच्या संहितांत होतेच' असे म्हणण्याचा मोह होतो. मध्याह्न व मध्यरात्र हा पित्ताचा काल, यकृत हे रक्तवह स्रोतसाचे मूळ; धागे जुळवणे कठीण नाही. तो मोह आवरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे प्रयोग मुख्यतः प्रयोगशाळेतील पेशींवर झाले. वेळेवर जेवल्याने बीचा विषाणू नाहीसा होतो, असे त्यांतून सिद्ध होत नाही. रात्रपाळीच्या रुग्णास जेवणाची वेळ नेमून द्यावी, अवेळी भोजन टाळण्यास सांगावे. पण ते पथ्य म्हणून, चिकित्सा म्हणून नव्हे.

ए व ई प्रकारांची कावीळ बहुतेकदा आपोआप ओसरते (गर्भिणीतील ई मात्र घातक ठरू शकते) आणि श्रेय कुटकी-भूम्यामलकीस, पर्यायाने आपणांस, मिळते. बी व सी मुकाट्याने वर्षानुवर्षे राहतात. म्हणून प्रत्येक कामलेत एचबीएसएजी व अँटी-एचसीव्ही या तपासण्या करून घ्याव्यात. सीचे बहुतेक रुग्ण आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. बीवरील टेनोफोविर रुग्णाने परस्पर सोडल्यास विकार उसळू शकतो; काढा देताना ती गोळी चालू आहे ना, हे विचारावे.

औषधालयधारकांसाठी आणखी एक. जीर्ण यकृतविकाराचा रुग्ण 'दिवसभर पेंग येते, रात्री डोळा लागत नाही' असे सांगत झोपेचे औषध मागू लागला, तर ते देऊ नये. निद्रेची ही उलटापालट यकृतविकार मेंदूपर्यंत पोहोचल्याचे आरंभीचे चिन्ह असू शकते. नातेवाइकांना बोलावून त्याच दिवशी त्यास यकृततज्ज्ञाकडे पाठवावे.