कपाटातलं नेटबुक टाकू नका!

ॲटम झेड ५०० मालिकेचं जुनं नेटबुक आहे? त्यातल्या जीएमए ५०० ग्राफिक्स चिपवर नाव इंटेलचं, पण गाभा पॉवरव्हीआर एसजीएक्स ५३५ चा. त्याचा खुला ड्रायव्हरच नव्हता, म्हणून लिनक्सवर सगळी रखडपट्टी. १३६६ पिक्सेल रुंद पडद्यावर चित्र १०२४ चं, अक्षरं आडवी ताणलेली, गोल चिन्हं अंड्यासारखी! ॲलन कॉक्स यांनी खुला ड्रायव्हर लिहिला आणि २०१२ च्या ३.३ कर्नलमध्ये तो रीतसर आला.

टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ची यादी क्रमांकांसह काढा. ८०८६:८१०८ दिसलं, की हीच चिप. बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ असेल तर आधी काढा, त्याने ड्रायव्हर सुरूच होत नाही. प्रोसेसर ३२ बिटचा, म्हणून लिनक्सची डेबियन १२ ही ३२ बिट आवृत्ती घ्या आणि सोबत हलका एक्सएफसीई डेस्कटॉप. थ्रीडी मिळणार नाही, पण मराठी टायपिंग झकास होतं.