उत्तरेचा महामार्ग आणि वनचरांच्या वाटा

प्रवास म्हटला म्हणजे मनुष्य वाटेंतील गांवें, घाट व नद्या यांचा विचार करितो; पण ज्या भूमीवरून आपला रस्ता जातो, त्या भूमीवर दुसऱ्या कोणाच्या वाटा आधींपासून होत्या कीं काय, हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्या गोरेगांवाहून निघून नागपुरावरून पेंचच्या अरण्यापर्यंत जाणाऱ्या मार्गाची माहिती या लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. या मार्गाचा शेवटचा भाग रम्य तर आहेच. शिवाय मनुष्याची वाट व वनचरांची वाट या दोन्ही एका ठिकाणीं कशा नांदूं शकतात, हें तेथें प्रत्यक्ष पाहावयास मिळतें.

हा प्रश्न आम्हां हिंगोली जिल्ह्यांतील लोकांस परका नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यांत सन २०१९ मध्यें शास्त्रज्ञांनीं रेडिओ-पट्टा बांधिला होता. त्याला पुढें ‘वॉकर’ हें नांव पडलें. तो त्याच वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं जन्मस्थान सोडून निघाला. तेलंगणाची सीमा ओलांडून परत आला, आणि नांदेड, हिंगोली, वाशीम असे जिल्हे तुडवीत डिसेंबरांत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. त्याची एकंदर चाल सुमारें ३,००० किलोमीटर भरली. वयांत आलेल्या नर वाघाला स्वतःचें क्षेत्र व जोडीदारीण शोधावी लागते. त्यासाठीं तो शेतें, ओढे व रस्ते ओलांडीत रात्रीं चालतो. अर्थात् अभयारण्य राखिलें म्हणजे वाघ राखिला, असें होत नाहीं. एका अरण्यांतून दुसऱ्या अरण्यांत जाण्याची वाटही राखावी लागते.

आतां मार्गाकडे वळूं. गोरेगांवाहून पैनगंगा ओलांडली कीं विदर्भ लागतो. वाशीम गांठून तेथून शेलुबाजारास गेलें म्हणजे समृद्धी महामार्ग मिळतो. नागपूर व मुंबई यांस जोडणारा हा ७०१ किलोमीटरांचा मार्ग ५ जून २०२५ रोजीं संपूर्ण खुला झाला. वाटेंत कारंजा येतें. तेथील कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठीं राखिलेलें आहे. दाट झाडी म्हणजेच रान, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं हा गवताळ माळ अवश्य पाहावा. काळविटाचें संरक्षण त्याच्या वेगांत व दूरवर पोंचणाऱ्या दृष्टींत आहे. म्हणून त्याला उघडा माळच मानवतो.

नागपुराहून उत्तरेकडे जो रस्ता जातो, तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ होय. श्रीनगरापासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा देशांतील सर्वांत लांब महामार्ग. नागपुरावरून जाणाऱ्या या भागास पूर्वीं क्रमांक ७ म्हणत. मनसर येथें वाकाटककालीन अवशेष आहेत. जवळच रामटेकची टेकडी दिसते. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरि तो हाच, असें पुष्कळ विद्वान् मानितात. पुढें देवलापार सोडलें कीं दोहों बाजूंस साग, मोह व पळस यांची दाटी होते. हें पेंचचें अरण्य. त्याच्या महाराष्ट्रांतील भागास सन १९७५ मध्यें राष्ट्रीय उद्यानाचा व सन १९९९ मध्यें व्याघ्र-प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सीमेपलीकडे सिवनी जिल्हा लागतो. किप्लिंग या इंग्रज लेखकानें सन १८९४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘जंगल बुक’ या पुस्तकांतील मोगलीचें रान तें हेंच.

हा रस्ता चौपदरी करण्याचें ठरलें, तेव्हां मोठा वाद माजला. पेंचच्या एका बाजूस कान्हा व दुसऱ्या बाजूस नवेगांव-नागझिरा हीं अरण्यें आहेत, आणि त्यांस जोडणाऱ्या वनपट्ट्यांना हा रस्ता छेदून जातो. रुंद व वाहता रस्ता जनावरांचें दोन प्रकारें नुकसान करितो. कांहीं जनावरें गाडीखालीं सांपडून मरतात, हा एक प्रकार; तो डोळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाहीं. आवाज व दिवे यांस भिऊन जनावरें रस्ता ओलांडण्याचेंच सोडून देतात. मग अलीकडचा कळप अलीकडे व पलीकडचा पलीकडे राहतो, जवळच्या नात्यांतच संतति होऊं लागते, आणि पिढ्यांमागून पिढ्या वंश दुबळा होत जातो. प्रकरण न्यायालयांत गेलें. शेवटीं भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्यानें तोड निघाली. महाराष्ट्राच्या हद्दींतील सुमारें १६ किलोमीटरांच्या टापूंत जनावरांना खालून जातां यावें म्हणून नऊ ठिकाणीं रस्ता खांबांवर उचलून धरिला. हीं मोकळीं अंतरें ५० मीटरांपासून ७५० मीटरांपर्यंत रुंद आहेत.

एवढी रुंदी कशाला, असें कोणी विचारील. हरणासारखें भित्रें जनावर अरुंद व अंधाऱ्या बोगद्यांत शिरत नाहीं. पलीकडचा उजेड व झाडी दिसली, पायांखालीं नेहमींची माती लागली, आणि वरील गाड्यांचा आवाज व झोत अडविला गेला, तरच तें पुढें पाऊल टाकतें. सन २०१९ मध्यें मार्चपासून डिसेंबरपर्यंत या पुलांखालीं आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लाविले होते. १८ जातींचीं वन्य जनावरें तेथून गेल्याचें त्यांत दिसून आलें. चितळ व रानडुक्कर तर गेलेच. पण ११ निरनिराळे वाघही मिळून ८९ वेळां गेले. कानडा देशांतील बँफ येथील महामार्गावरही असेच पूल व बोगदे आहेत. तेथें मोठ्या अस्वलांना त्यांवर विश्वास बसण्यास कांहीं वर्षें लागलीं. त्या मानानें आमच्या वाघांनीं लवकरच विश्वास टाकिला म्हणावयाचा.

मुक्कामासाठीं सिल्लारीचा परिसर सोयीचा आहे. अरण्याच्या गाभ्यांत तंबू ठोकण्यास परवानगी नसते. प्रवेशद्वाराबाहेरील नेमलेल्या जागींच उतरावें लागतें. पावसाळ्यांत गाभ्याचा भाग प्रवाशांस बंद असतो, म्हणून थंडीचे दिवस उत्तम. सन २०२४ च्या जानेवारींत पेंच हें भारतांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ ठरलें. आसपासच्या गांवांनीं रस्त्यावरील दिव्यांचा प्रकाश खालींच पडेल अशी व्यवस्था केल्यानें तेथील रात्र खरोखरीच काळोखी राहिली आहे, आणि शहरांत विरून गेलेली आकाशगंगा तेथें स्पष्ट दिसते. काळोख हाही निशाचरांच्या निवाऱ्याचा एक भाग होय.

विद्यार्थीमित्रहो, या प्रवासास निघाल तेव्हां कांहीं गोष्टी कटाक्षानें पाळा. वनपट्ट्यांत गाडीचा वेग कमी ठेवा व कर्णा वाजवूं नका. वानरांस खाऊ टाकूं नका. त्या खाऊसाठींच तीं रस्त्यावर येतात व प्राणास मुकतात. उंच पुलावर गाडी थांबवून खालीं डोकावूं नका. आपला गलका ऐकून आलेलें जनावर परत फिरेल. शेकोटी करणें ती नेमलेल्या जागींच करा व पाण्यानें पुरती विझवा. वाघ दृष्टीस पडो वा न पडो, सहल फुकट गेली असें मानूं नका.

एक रस्ता उचलून धरण्यास पुष्कळ पैसा व पुष्कळ वर्षें लागलीं. पण रात्रीं आपल्या शिवारांतून एखादा वाटसरू वाघ निघाला, तर त्याच्या मागें गर्दी व आरडाओरड न करितां वनखात्यास वर्दी देणें आणि त्याला वाट मोकळी सोडणें, याला पैसा लागत नाहीं. तेवढें तर गोरेगांवास राहूनही आपणांस करितां येईल.