२०२५चा जमाखर्च : नजर पुरते तिथे, नजर हरते तिथे

वर्ष संपत आलं की व्यापारी वह्या मिटवायला बसतो. या लेखमालेचाही यंदाचा हिशेब मांडायचा आहे, आणि त्यासाठी वाशीच्या एपीएमसी मार्केटइतकी सोयीची जागा दुसरी नाही. इथे शंका घेणं हाच रोजचा धंदा. इथल्या धान्यबाजारात, म्हणजे दाणाबंदरात, पोत्याच्या तोंडचा गहू बघून सौदा ठरत नाही. टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसायची, आतला दाणा तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची, एखादा दाताखाली फोडायचा. कट्‌कन फुटला तर कोरडा, दबला तर ओल आहे. फळबाजारात पेटीचा वरचा थर बघून कुणी भुलत नाही. नमुना कसा घ्यावा, हे या मंडळींना कुठल्या विद्यापीठाने शिकवायची गरज नाही.

मोबाइलवर आलेल्या मालाला मात्र ही नळी कुणी लावत नाही. कलिंगडाला लाल रंगाचं इंजेक्शन देतात, हा व्हिडिओ यंदाच्या उन्हाळ्यातही फिरला. साधं गणित करू. दहा टनांचा ट्रक, फळ सरासरी तीन किलोचं, म्हणजे तीन हजारांहून जास्त नग. प्रत्येकाला सुई टोचायला माणसं किती लागतील, त्यांची मजुरी किती होईल? शिवाय साल भोसकलेलं फळ उन्हात किती टिकणार? रंगही सुईभोवतीच साचेल, गरभर सारखा पसरणार नाही. चिरून ठेवलेल्या फोडींवर कुणी रंग लावलाच, तर गरावर कापूस फिरवून बघता येतो. पण शेतकऱ्याचा भाव पाडायला एक व्हिडिओ पुरतो, ही यातली खरी वाईट गोष्ट.

आंब्याचं प्रकरण इतकं सोपं नाही, कारण तिथे भीतीला आधार आहे. कॅल्शियम कार्बाइडच्या पुडीला पेटीतली ओल लागली की अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो आणि साल पिवळी होते. बाजारात मिळणाऱ्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो, म्हणून त्याला बंदी आहे. मे महिन्यात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने राज्यांना फळबाजारांवरची तपासणी कडक करायला सांगितलं. फळांच्या गोदामात कार्बाइड सापडलं, तर तोच परिस्थितीजन्य पुरावा धरायचा, असंही बजावलं. इथवर ठीक. पण ‘केमिकलने पिकवलेला’ या एकाच शिक्क्याखाली इथिलीनची रायपनिंग चेंबरही झोडपली जातात. इथिलीन हा वायू आंबा पिकताना स्वतःच सोडतो. चेंबरमध्ये तो दहा लाखांत १०० भागांपर्यंत वापरायला परवानगी आहे. देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने यंदा फळावर क्रमांकाचा स्टिकर आणला, तो आंबा देवगडचा आहे की कर्नाटकचा, हे ओळखण्यासाठी. चांगलं झालं. मात्र तो स्टिकर गाव सांगतो, आंबा कसा पिकवला ते सांगत नाही.

आंब्याच्या त्याच हंगामात, २० मे रोजी, पुण्यात जयंत नारळीकर गेले. खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहून आलं, तेव्हा इथे त्यांच्या एका मापाची आठवण काढतो. २००८ साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साथीने त्यांनी शंभर हुशार आणि शंभर गतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी १७.२५ बरोबर. नाणं उडवलं असतं तर २० आली असती. नारळीकरांनी ज्योतिषांशी वाद घातला नाही, त्यांना मापाला बसवलं.

आणि आता यंदाची सगळ्यात मोठी नोंद, जिथे पारखी नजर सपशेल हरली. डिसेंबर २०२४च्या अखेरीपासून बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस मुठीने गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. ‘टक्कल व्हायरस’ हे नाव लगेच पडलं, ठरलेली लग्नं अडली. आधी संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर. विंचूदंशावरच्या कामामुळे महाराष्ट्र ओळखतो ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले. त्यांनी रेशनच्या गव्हाचे नमुने ठाण्याच्या प्रयोगशाळेत दिले. किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं, ज्याच्या अतिरेकाने केस गळतात; साधारण मर्यादा १.९पर्यंतची. गहू धुतला तरी आकडा १३.६१ राहिला, म्हणजे ते वर चिकटलेलं नव्हतं, दाण्यातच होतं. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही ते भरमसाट वाढलेलं होतं, जस्त मात्र उतरलेलं. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला. टक्कल या गव्हामुळे पडलं, या बावस्करांच्या मांडणीचं बळ माझ्या मते नुसत्या गव्हाच्या आकड्यात नाही. ताटातलं आणि अंगातलं अशी दोन्ही मापं एकाच दिशेला बोट दाखवतात, हे तिचं बळ.

असा गहू दाणाबंदरात उतरला असता तर? नळीतून टपोरा दाणाच निघाला असता, दाताखाली कट्‌कन फुटला असता आणि भावही चांगला मिळाला असता.

हळदीत तर याहून उलटा प्रकार आहे. लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं रंगद्रव्य चोळलेली हळद जास्त पिवळीधमक दिसते, म्हणजे गिऱ्हाइकाची नजर विषालाच कौल देते. बांगलादेशाने तपासणी आणि दंडाचा धडाका लावून दोन वर्षांत ही भेसळ जवळपास मोडून काढली, २०१९ ते २०२१मध्ये. ती कशी, ते पुढच्या आठवड्यात, मसाला मार्केटमधून.